मोठे विचार करताहेत

दुकानाला सुट्टी होती आणि तरी शटर अर्ध्यावर उघडं होतं, म्हणजे आज घरातल्या कुणाचं तरी भलं व्हायचं होतं, त्याला हवं असो वा नसो. या घराचे सगळे निर्णय दुकानातच होत. मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल, भोवती उंच स्टुलं आणि कोपऱ्यात कोटाच्या मापाचा पुतळा. पुतळ्याला डोकं नसल्यामुळे त्याने आजवर कुठल्याच निर्णयाला विरोध केलेला नव्हता. बाकीच्यांना डोकी होती, पण त्यांनीही केलेला नव्हता.

आज नंबर बारकीचा होता.

मागच्या आठवड्यात तिला भर दुकानात फिट आली. समोर बँकेचे मॅनेजर उभे, अंगात एका बाहीचा कोट, खांद्यावर टाचण्यांची रांग. बारकी कोसळली, आईने धावत येऊन तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली कापडाची घडी सरकवली. मॅनेजर मात्र तशाच एका बाहीनिशी रस्ता ओलांडून समोरच्या औषधाच्या दुकानात घुसले आणि "डॉक्टरला बोलवा, डॉक्टरला बोलवा" म्हणून ओरडत तिथल्याच खुर्चीवर आडवे झाले. बारकी शुद्धीवर आली, पाणी प्यायली, तासभर झोपली आणि संध्याकाळी काजं करायला बसली. मॅनेजर दोन दिवस रजेवर होते. चर्चा मात्र बारकीच्या तब्येतीची.

फिट का आली, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. डॉक्टर दर खेपेला सांगायचे, गोळी चुकवू नका, जागरण करू नका. बारकी गोळी चुकवत नव्हती. पण तिच्या चुलतभावाला, म्हणजे थोरल्या काकांच्या, सगळ्यांच्या 'मोठ्यां'च्या, मुलाला, नवा काळा कोट तातडीने हवा होता आणि त्या कोटापायी ती दोन रात्री बसली होती. चुलतभाऊ वकील. तोच कोट घालून तो आज तिच्याविरुद्ध उभा राहिला होता. कोट मात्र झकास बसला होता.

"मी भावनेच्या भरात बोलत नाहीये," वकील म्हणाला. हे वाक्य तो नेहमी भावनेच्या भरातच बोलायचा. "मोठे आता थकलेत. मोठी कात्री कुणाच्या तरी हातात द्यावी लागणार. बारकीचा हात चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला केव्हाही झटका येऊ शकतो त्याच्या हातात हातभर लांब कात्री? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी," बारकी म्हणाली.

"तू बेशुद्ध असशील."

"मग तू. तुझ्याकडे कोट आहे."

"बघा, हे असं बोलते!" वकिलाने पुतळ्याकडे पाहिलं. कोर्टातली सवय. "मी म्हणतो, बाहेरचा कटिंग मास्टर ठेवू. बारकी मागच्या खोलीत बसेल. हुकं, बटणं, काजं. आरामात. पंख्याखाली."

बत्तीस वर्षांच्या बारकीने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. या टेबलाच्या उंचीएवढी झाली तेव्हापासून ती इथे उभी होती. खडूने रेघ मारायला तिला मोठ्यांनी शिकवलं होतं, तिचे बाबा गेल्यानंतर. कापडाला पहिली कात्री लागते तो आवाज तिला जगात सगळ्यात जास्त आवडायचा. मागच्या खोलीत तो आवाज भिंतीपलीकडून आला असता, दुसऱ्याच्या हातून, आयुष्यभर. तिला रडू येत होतं, म्हणून ती जास्तच उद्धटपणे बोलत होती.

"डॉक्टर म्हणालेत, बसून काप, शेजारी कुणीतरी असू दे, झोप पुरेशी घे. कापू नको असं कुणीही म्हणालेलं नाही."

"डॉक्टरांचं काय जातंय!" हे आत्याबाई. मोठ्यांची धाकटी बहीण. सासर दोन गल्ल्या सोडून, पण मुक्काम इथेच. "आपल्या घराण्यात असलं कधी नव्हतंच मुळी. कुणाचं कुठून आलं, ते ज्याचं त्याला माहीत. मी बाई नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. बारकीची आई अस्तराच्या गठ्ठ्याला टेकून उभी होती, तिने मान खाली घातली. बारकीला शाळेत असताना पहिली फिट आली, त्या दिवसापासून आत्याबाई हे नाव न घेण्याचं काम नेमाने करत होत्या. आईचं माहेरच्या सगळ्या नातेवाइकांना एकेक करून विचारून झालं होतं. कुणाला काहीच नव्हतं. तरी वीस वर्षं आपणच काहीतरी आणलं, अशा चेहऱ्याने ती या घरात वावरत आली. आजही ती बारकीच्या बाजूने बोलायचं ठरवून आली होती आणि आल्यापासून गप्प होती.

आत्याबाईंच्या पर्समध्ये एक स्टीलचा चमचा असायचा. फिट आली की दातांत चमचा घालावा, नाहीतर माणूस जीभ गिळतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते आठवत नव्हतं, पण चमचा होता. जीभ गिळता येत नाही आणि तोंडात काहीही घालायचं नाही, हे डॉक्टरांनी त्यांना चित्र काढून समजावलं होतं. चित्र त्यांना आवडलं. चमचा पर्समध्येच राहिला. बारकीच्या पुढच्या दाताचा उडालेला टवका ही त्या चमच्याची कमाई होती. फिटने तिला कधी इतकं लागलं नव्हतं.

या सगळ्यात शहाणा म्हणावा असा एकच जीव होता आणि तो टेबलाखाली घोरत होता. या कुत्र्याचं नाव अस्तर. पिल्लू असताना तो अस्तराच्या गठ्ठ्यांमागे सापडला आणि नंतर कुणा ना कुणाला कायम चिकटून राहिला, म्हणून हे नाव. आता तो चांगला गुबगुबीत झाला होता. त्याला एकच कला येत होती. कुणी स्थिर सापडलं की जाऊन सगळं वजन त्याच्यावर टाकायचं.

एकदा बारकी पडली तेव्हा अस्तर आधीपासूनच तिच्या पायाला टेकलेला होता. झालं! घराने ठरवून टाकलं की अस्तरला आधीच कळतं. त्या दिवसापासून अस्तर बारकीला टेकला रे टेकला, की जो पहिला बघेल त्याने ओरडायचं, "बारकी, आडवी हो!" आणि बाकीच्यांनी तिला आडवं करायचं. तिला काही होत नसलं तरी. ती बसस्टॉपवर आडवी झाली होती, दवाखान्याच्या जिन्यात झाली होती, एकदा तर आंघोळीनंतर केस पुसताना झाली होती. सगळ्यात मोठ्याने आई ओरडायची. हजारदा काहीच झालं नाही, तर "बघा, वेळेवर आडवी केली म्हणून टळलं."

"त्याला काही कळत नाही गं," बारकी सांगून सांगून थकली होती. "त्याला फक्त टेकायचं असतं."

पण एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. शुद्धीवर येताना आधी काहीच नसतं, नाव नाही, जागा नाही, आपण कोण तेही नाही. आणि मग पाठीला एक गरम वजन लागतं. ते वजन अस्तर. तिथून मग एकेक गोष्ट परत यायची. कुत्र्याला आधी कळलं नाही तरी चालेल, नंतर तो असतो, एवढं तिला पुरायचं.

"मोठे, आता तुम्हीच सांगा," वकील म्हणाला. स्वतःच्या वडिलांना तोही मोठेच म्हणायचा. गावगुंडापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळेच म्हणायचे.

मोठे टेबलाच्या टोकाला बसले होते. हातात चहाचा कप, शेजारी त्यांची बायको, काकू. समोर मॅनेजरांच्या दुसऱ्या कोटाचं करडं कापड पसरलेलं, त्यावर मोठ्यांच्या हातच्या खडूच्या रेघा आणि त्या रेघांवर मोठी कात्री.

मोठ्यांची कीर्ती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे तिरका खिसा. कोटाचा वरचा खिसा सगळे शिंपी सरळ कापायचे. मोठ्यांनी ऐन तारुण्यात एकदा तो असा काही तिरका कापला, की गिऱ्हाइकाने आधी कपाळाला हात लावला आणि मग आरशात पाहून आणखी दोन कोट शिवायला टाकले. तेव्हापासून गावात तिरका खिसा म्हणजे हे दुकान. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा विचार. मोठे बोलता बोलता, कापता कापता थांबत. नजर समोर कुठेतरी, कात्री अधांतरी. मग दुकानातली सगळी मशिनं थांबायची. नव्या कारागिराला आधी बटणांचे डबे दाखवत आणि लगेच सांगत, मोठे विचार करायला लागले की पाय मशिनवरून काढायचा आणि तोंड बंद. गिऱ्हाइकंसुद्धा आवाज खाली आणायची. विचार संपला की मोठे एखादंच वाक्य बोलत, भलतंच, आणि लोक ते घरी जाऊन घोळवत बसत.

मोठ्यांनी घसा साफ केला. "माझं मत असं आहे, की—"

आणि ते थांबले.

"शू!" काकू नेहमीसारखी म्हणाली. "विचार करताहेत."

सगळे गप्प झाले. वकिलाने हात पाठीमागे बांधले. 'की'च्या पुढे काय येणार याची त्याला खात्री होती. बाहेरचा मास्टर. एवढा वेळ घेताहेत म्हणजे पगाराचाही विचार चाललाय. आत्याबाईंना वाटलं, दादा घराण्याचा विचार करतोय, त्याला शोभेलसं. आईला वाटलं, हे असे थांबलेत म्हणजे नाही म्हणायला जड जातंय. म्हणजे नाहीच म्हणणार. आता तरी बोल बाई, तिने स्वतःला सांगितलं, पण मोठ्यांच्या विचारात तोंड उघडायची या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती.

तेवढ्यात टेबलाखालचं घोरणं थांबलं. अस्तर उठला, अंग झटकलं आणि बारकीच्या दिशेने निघाला.

"बारकी, आडवी हो!" आई किंचाळली. जे बोलायचं होतं ते सोडून हेच तोंडातून आलं.

"आई, मला काही—"

पण घराची कवायत सुरू झाली होती. वकिलाने खांदे धरले, आत्याबाईंनी पाय धरून पर्स उघडली, आणि बारकी बोलता बोलता फरशीवर, डोक्याखाली कापडाची घडी. अस्तर मात्र तिच्याजवळ थांबलाच नाही. तिच्या पोटावरून एक पाय टाकून तो पुढे गेला. सगळे तिच्याकडे बघण्यात इतके गुंतले होते, की कुत्रा कुठे गेला ते कुणी पाहिलं नाही.

बारकीने पाहिलं. तिला दुसरं कामच नव्हतं. फरशीवर पडलेल्या माणसाला टेबलाखालचं जग दिसतं आणि उभ्या माणसांना ते कधीच दिसत नाही. अस्तर मोठ्यांच्या गुडघ्यांपाशी गेला आणि सगळं वजन टाकून टेकला.

मोठ्यांनी त्याला दूर लोटलं नाही. एरवी लोटत. 'केस लागतात कोटाला' म्हणून त्यांचं आणि अस्तरचं कधी पटलंच नाही. त्यांचा डावा अंगठा सदऱ्याच्या खालच्या बटणावर फिरत होता, घासत होता, पुन्हा पुन्हा. बारकीने मान थोडी वळवली. टेबलाच्या कडेवरून त्यांची हनुवटी दिसत होती. तोंडात काही नव्हतं आणि ते चघळत होते.

बारकीने मान आणखी वळवली.

हे तिने पाहिलेलं होतं. आईच्या मोबाइलवर, डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढलेल्या चित्रफितीत. तिथे ती स्वतः होती. पडण्याआधी तिची नजर अशीच कुठेतरी अडकायची, अंगठा असाच ओढणीच्या काठावर फिरायचा, तोंड असंच चालायचं. 'प्रत्येक वेळी माणूस पडतोच असं नाही,' डॉक्टर म्हणाले होते. 'काही जण नुसतेच हरवतात. मग परत येतात. बघणाऱ्याला वाटतं, विचारात आहेत.'

आणि तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्यांच्या हातातला कप कलत होता, वाफा निघणारा चहा अगदी काठाशी आला होता. काकूचा हात पुढे आला, एकेक बोट सोडवत, धक्का न लावता तिने कप अलगद काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. त्याकडे न बघता. मग वर टेबलावर कात्री चार बोटं लांब सरकवल्याचा आवाज आला. हे पहिल्यांदा करणाऱ्या बाईचे हात नव्हते.

काकूने खाली पाहिलं. बारकी तिच्याकडेच बघत होती. काकूने डोळ्यांनीच सांगितलं, नको. बोलू नकोस. बाकी सगळं माग, पण हे नको.

बारकी फरशीवर पडून होती. तिच्या हातात अख्खा खटला आला होता. ज्याला झटका येतो त्याच्या हातात कात्री नको! वकिलाचंच वाक्य. एवढंच म्हणायचं, 'दादा, जरा तुझ्या वडिलांकडे बघ', की संपलं. तिला राग आला होता, खूप. वीस वर्षं आईने मान खाली घालून काढली. इकडे तिला उठसूट आडवं करत होते आणि त्यांच्यासाठी मशिनं थांबवत होते.

मोठ्यांचा अंगठा थांबला. पापण्या लवल्या. "कापड कुठलं आहे?" ते म्हणाले.

"वा!" वकील हळूच म्हणाला. "मूळ मुद्दा. कापड म्हणजे प्रकृती. प्रकृतीच नाजूक असेल तर—"

"दादा कसं नेमकं बोलतो!" आत्याबाई म्हणाल्या.

मोठे सगळ्यांकडे बघत होते. बारकीने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. ते घाबरले होते. आपण कुठे आहोत, ही माणसं का जमलीत, ही आत्ता काय म्हणाली, हा कशाबद्दल वा म्हणाला. आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून भुवया उंचावून शहाण्यासारखा चेहरा करत होते. या चेहऱ्याचा तिला लहानपणापासून मोठा दरारा वाटत आला होता.

ती उठली. "आडवी राहा!" आई म्हणाली. ती राहिली नाही. मोठ्यांच्या शेजारचं स्टूल ओढून बसली आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला. जे तिला स्वतःला प्रत्येक वेळी कुणीतरी सांगावंसं वाटायचं, तेच ती सावकाश बोलली.

"मोठे, आपण दुकानात आहोत. आज सुट्टी आहे. दुपार आहे. तुमचा चहा काकूकडे आहे. सगळे घरचेच आहेत. काही बिघडलेलं नाही. घाई नाही."

मोठ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली, गुडघ्याला टेकलेल्या कुत्र्याकडे.

"किती वेळ?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"थोडाच. तुम्ही 'माझं मत असं आहे, की' इथपर्यंत आला होता."

"हे काय चाललंय?" वकील म्हणाला. "विचारात व्यत्यय कशाला आणतेस?"

"विचार!" काकू एकदम म्हणाली. तिने मांडीवरचा कप टेबलावर आपटला, चहा कापडापर्यंत जाता जाता राहिला. "अरे, कसला विचार! लग्न झाल्यापासून बघतेय, या माणसाने एकदासुद्धा विचार केलेला नाही!"

दुकानात शांतता पसरली. ही शांतता मात्र खरोखरच विचाराची होती.

"अहो," काकूचा आवाज फुटला, "मला माफ करा. पण मला आता नाही जमत. तुम्ही जिन्यात थांबता, रस्ता ओलांडताना थांबता. मी म्हातारी झाले. कप धरायचा, कात्री सरकवायची, हात धरायचा, हे मी किती दिवस करू? पहिल्यांदा झालं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, शू, विचार करताहेत. त्यांनी ऐकलं. मग सगळेच ऐकायला लागले. मी काय करणार होते?"

"म्हणजे?" वकील म्हणाला. वकिलाच्या तोंडून इतका छोटा प्रश्न कधी कुणी ऐकला नव्हता.

"म्हणजे यांनाही आहे," बारकी म्हणाली. "ते पडत नाहीत, नुसते जातात आणि येतात. मला वाटतं तसं, डॉक्टर सांगतील. माझी तपासणी आहेच, मोठ्यांनीही यावं."

"छट्!" आत्याबाई म्हणाल्या. "आपल्या घराण्यात असलं कधी—"

वाक्य अर्ध्यातच राहिलं, कारण पुढे घराणंच बसलेलं होतं.

अस्तराच्या गठ्ठ्यापासून आई दोन पावलं पुढे आली. वीस वर्षांचं सगळं तिच्या ओठांवर आलं असणार. आत्याबाईसुद्धा जरा मागे सरकल्या. पण आईने अगदी नेहमीच्या अदबीने विचारलं,

"वन्सं, चमचा आणलाय ना?"

काकूला हसू फुटलं. रडता रडता हसू फुटलं की बाई थांबत नाही, तशी ती हसत राहिली. मग बारकी हसली, आणि दाताचा टवका दिसला. आत्याबाईंनी पर्स मिटली.

हसले नाहीत ते मोठे. त्यांनी कापडावरच्या खडूच्या रेघेवर बोट ठेवलं. "तो खिसा," ते म्हणाले.

"कुठला?"

"तिरका. तो मी कापलाच नाही. सरळ कापायला घेतला होता. परत आलो तेव्हा कापलेला होता. तिरका." त्यांनी बोट रेघेवरून फिरवलं. "लोकांनी डोक्यावर घेतलं. माझं नाव झालं. मी कुणाला काय सांगणार, की मी तिथे नव्हतो?"

"मोठे, हे बाहेर बोलू नका!" वकील घाईने म्हणाला. "दुकानाचं नाव... म्हणजे एखाद्याला थोडंसं काही असलं म्हणून त्याला कामावरून दूर करणं हे तर साफ अन्यायाचं आहे. योग्य ती काळजी घेतली, शेजारी माणूस असलं, तर काम करायला काय हरकत आहे?"

"दादा," बारकी म्हणाली, "हेच मघाशी बोलला असतास तर मी फरशीवर पडले नसते."

वकिलाने पुतळ्याकडे पाहिलं. पुतळा त्याच्या बाजूने नव्हता.

"माझं मत असं आहे, की—" मोठे म्हणाले आणि थांबले.

काकूचा हात कपाकडे गेला. बारकीने मनगट घट्ट धरलं. अस्तर ढिम्म.

"अरे, आत्ता खरंच विचार करतोय," मोठे म्हणाले. "पहिल्यांदाच करतोय, जरा वेळ द्या."

वेळ दिला. मग त्यांनी मोठी कात्री उचलली, पाती स्वतःकडे धरून मूठ बारकीपुढे केली. "तू काप. मी शेजारी बसेन आणि सांगेन. माझे हात आता टेबलाखालीच बरे. झोप मोडून कुणाचाही कोट शिवायचा नाही, तो न्यायाधीश असला तरी. आणि डॉक्टरांकडे मी येतो तुझ्याबरोबर." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," बारकी म्हणाली. "दर वेळी."

"तुला परत येताना आधी काय दिसतं?"

हा प्रश्न तिला या घरात कुणीच विचारलेला नव्हता. "दिसत नाही. पाठीला अस्तर लागतो. मग आई. मग पंखा. तुम्हाला?"

"ही दिसते." मोठ्यांनी काकूकडे मान केली. "आधी कळत नाही ही कोण. पण बघत असते, टक लावून. दर वेळी. इतकी वर्षं मला वाटायचं, ही माझ्याकडे प्रेमाने बघते."

"तेही असायचं की," काकू म्हणाली आणि गार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

बारकीने स्टूल टेबलाला लावलं आणि बसून कापड पुढे ओढलं. आत्याबाईंनी नवा चहा गाळला आणि पर्समधला चमचा काढून साखर ढवळली. चमच्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा योग्य काम मिळालं.

कात्रीची पाती खडूच्या रेघेवर आली. तेवढ्यात अस्तर मोठ्यांचा गुडघा सोडून उठला, बारकीच्या स्टुलापाशी आला आणि तिच्या पायावर धपकन टेकला.

आत्याबाईंचा चमचा थांबला. वकिलाने दोन्ही हात पुढे केले, तोंड उघडलं आणि आईकडे पाहिलं, कारण ओरडायचा पहिला मान तिचा होता.

आईने कुत्र्याकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं.

"काप गं तू," ती म्हणाली.